करीबू कीटी

माझ्या भावाला पुरेल एवढा पलंग अख्ख्या लामू बेटावर नव्हता. फमाऊची उंची सहा फूट पाच इंच. आमच्याकडचे जुने पलंग दिसायला देखणे, पायांवर लाखेचं काम, डोक्याशी कोरीव पट्ट्या, पण करणाऱ्या सुतारांनी ते बहुतेक स्वतःच्या मापाने केलेले. प्रत्येकावरून फमाऊचे पाय घोट्यापासून बाहेर. "ताई, तुझं सामान म्हणजे बघायला राजाचं आणि झोपायला बकरीचं," असं तो म्हणायचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी हट्टालाच पेटले. दोन जुने पलंग मोडून एक करायचा. त्याला चौकटीला पाठ लावून उभं केलं, टेपने माप घेतलं आणि फुंदी अबूदना सांगितलं, सहा फूट पाच इंच आणि वर चार बोटं. चार बोटं कशाला, तर माणूस झोपेत ताणतो. हे माप मला आणि त्यांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. फुंदी म्हणजे कारागीर. अबूदकाकांना सगळं गाव फुंदीच म्हणतं.

घरं सजवणं हा माझा धंदा. बाहेरचे लोक येऊन इथली पडकी दगडी घरं विकत घेतात आणि आत काय ठेवायचं ते मला विचारतात. मग मी बेटाबेटांवर हिंडून पितळी खिळ्यांच्या पेट्या, पारा उडालेले आरसे, चिनी बशा, दिवाणांचे पाय असं काय काय गोळा करते. नजर तयार आहे माझी. चहाचं पाणी लावून जुनं केलेलं लाकूड मी वासावरून ओळखते, आणि लांबी-रुंदी टेपशिवाय सांगते. गिऱ्हाईकं बघतच राहतात. त्यातल्या निम्म्यांना खुर्ची आणि खोकं यांतला फरक कळत नाही, पण ते माझ्या पोटापाण्याचं आहे.

हौस मात्र धंद्याच्या आधीची. आई-बाबा नाव उलटून एकदमच गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि फमाऊ सात. दुःखाचा चाळिसावा दिवस होईपर्यंत नातेवाइकांनी घरातलं सामान आपापसांत वाटून घेतलं. भिंतीतल्या कोनाड्यांतल्या बशासुद्धा सोडल्या नाहीत. घरात बोललं की घुमायचं. फमाऊ आतल्या खोलीत एकटा जायचा नाही. पहिली कमाई हातात आली तशी मी एक जुनी पेटी आणली, आणि ती उंबऱ्यात आली तेव्हा त्याला हसवायचं म्हणून तिची कडी हातात धरून म्हणाले, "करीबू, संदुकू." या, पेटीबाई, या. पोरगं कितीतरी दिवसांनी हसलं. तेव्हापासून रीतच पडली. कपाट आलं, करीबू कबाटी. आरसा आला, त्यालाही करीबू. घर भरत गेलं तसतसा तो मोठा होत गेला, आणि खरं सांगायचं तर मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नसत.

करीबू हा शब्द आमच्यात उगाच कुणी उधळत नाही. पाहुणा दाराबाहेर उभा राहून "होदी" अशी हाक देतो. आतून "करीबू" आलं तरच पाऊल टाकायचं. तीनदा होदी म्हणून उत्तर नाही आलं, तर तोंड वाकडं न करता परत जायचं. निघालेल्या पाहुण्याला घरातल्या कुणीतरी थोडं तरी पोचवायला जायचं, म्हातारं माणूस असेल तर त्याच्या चालीने चालायचं. हे सगळं वळण फमाऊला मी लावलं. बिनआईचं पोर म्हणून कुणी बोट दाखवायला नको. स्वतःच्या घरात मात्र माणसाला होदी लागत नाही. तो गल्लीच्या तोंडापासून "ताई, भूक!" असं ओरडत यायचा.

आमच्याकडे नवऱ्या मुलाला लग्नात काळ्या शिसवी लाकडाच्या जुन्या खुर्चीवर बसवतात. ताठ पाठ, हाडाचे पांढरे तुकडे जडवलेले, पाठीला आणि बैठकीला सुती दोरीची वीण, आणि पुढे पाय ठेवायला सरकती फळी. हल्ली लोक भाड्याने आणतात. माझा भाऊ भाड्याच्या खुर्चीवर बसणार नाही, असं मी चारचौघांत बोलून गेले होते. वर्षभर शोधलं. शेवटी पलीकडच्या बेटावरच्या सियू गावातून निरोप आला, बी तुमाच्या घरी एक आहे.

बी म्हणजे बाई. बी तुमा ऐंशीची असेल. तिने मला आतल्या खोलीत नेलं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. मी ती फिरवली आणि माझा जीव तिथेच जडला. दोनशे वर्षांची तरी असावी. एकही हाड निखळलेलं नाही, दोरी पिवळी पडलेली पण बाजेसारखी ताठ, कुणी कधी बसलंच नसल्यासारखी. मी घासाघीस करायच्या तयारीने गेले होते. ती म्हणाली, "ने. देशील ते दे. माझ्यामागे बघणारं कुणी नाही." आपल्या अंगावर पांघरलेला कांगा, छापील सुती कापड, काढून तिने तो खुर्चीला गुंडाळला आणि दारापर्यंत आली.

"नेताना त्याच्याशी बोलू नकोस."

आमच्या भाषेत वस्तूला वेगळा शब्द आणि माणसाला वेगळा. तिने माणसाचा वापरला. तोंडात दात नाहीत, जीभ घसरली असेल, असं मी धरून चालले. शिवाय माझं लक्ष खुर्चीवर होतं.

लग्नाला तेरा दिवस होते. धक्क्यावरून फमाऊने ती डोक्यावर घेतली आणि गल्लीतल्या प्रत्येक कमानीखाली वाकत घरी आणली. बैठकीच्या खोलीत, अंगणाकडे तोंड करून आम्ही ती ठेवली. त्याने लगेच बसून बघितलं. गुडघे हनुवटीला.

"फळी सरकव पुढे," मी म्हणाले.

"सरकत नाहीये. फुगलीय. बघ बाई, हीसुद्धा बकरीचीच निघाली." तो उठला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "चल, म्हण."

"नवरदेव झालास तरी पोरखेळ सुटत नाही तुझा."

"तू म्हटल्याशिवाय सामान घरचं होत नाही, माहितीये ना? म्हण."

मी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "करीबू, कीटी."

कीटी म्हणजे खुर्ची. मी खुर्चीचं स्वागत केलं होतं. पण फमाऊ खो खो हसत सुटला, कारण पाहुण्याला आपण बसायला सांगतो ना, ते आम्ही याच दोन शब्दांत सांगतो. करीबू कीटी. बसा, खुर्ची घ्या.

"अगं, कुणाला बसवलंस?" तो म्हणाला. "खोलीत आहे कोण?"

मीही हसले. बारा वर्षांत पेट्या आल्या, कपाटं आली, पण खुर्ची कधी आली नव्हती हे तेव्हा लक्षात आलं. आमचं हसणं थांबलं तेव्हा बैठकीची दोरी एकदा कुरकुरली. समुद्राची हवा लागली की सुती दोरी कुरकुरतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारताना दिसलं की बैठक मध्यभागी खाली गेली आहे. मी चौकटीवर आडवा दोरा धरून पाहिला. दोन बोटं. ओल धरली असेल म्हणून खुर्ची तासभर उन्हात ठेवली. संध्याकाळी पुन्हा दोरा धरला तर तीन बोटं होती, आणि खळगा मधोमध नव्हता. थोडा डावीकडे होता, एका अंगावर कलून बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा असतो तसा.

मी फुंदींना बोलावलं. ते आले, आलं घातलेली कडू कॉफी प्याले, चष्मा पुसला आणि खाली बसून विणीची गाठ सोडून दोरी ओढायला लागले. लामूतल्या निम्म्या खाटा या माणसाने विणल्यात. त्यांनी पाय टेकवून ओढलं. दोरी एक तसूभरही वर आली नाही.

"कुणी बसलेलं असताना खाट ताणता येत नाही, पोरी," ते हसत म्हणाले. मग त्यांनी हात बैठकीवर ठेवला आणि हसायचे थांबले. हात काढून लुंगीला पुसला. हत्यारं पिशवीत भरायला लागले.

"काय झालं काका?"

"काही नाही. ऊब आहे. उन्हात ठेवली होतीस ना?"

उन्हात ठेवून एक दिवस उलटून गेला होता. 

दारात जाऊन ते थांबले. "म्हण माहितीय ना? पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी हाती कुदळ. आज कितवा?"

"तिसरा. मग देऊ का कुदळ?" मी चेष्टेने विचारलं.

"तुझं घर आहे," फुंदी म्हणाले आणि मागे न बघता गेले.

माझ्या जिभेला हाड नाही हे मला कबूल आहे. त्या दिवशी मी चिडलेही होते. वर्षभर शोधून आणलेली खुर्ची, लग्न तोंडावर, आणि गावातला सर्वात चांगला कारागीर लुंगीला हात पुसत निघून जातो. मी कोठीतली कुदळ आणली, खुर्चीच्या हाताला टेकवली आणि मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडे फुकट बसू देत नाहीत. उठा, लागा कामाला." एवढं बोलून मला बरं वाटलं. मी नारळ खवायला बसले.

सकाळी बैठक सपाट होती. मी खूश झाले. कुदळ मात्र खुर्चीशी नव्हती. ती अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, चमेलीखाली भिंतीला लावून ठेवलेली सापडली, पातं नीट पुसलेलं. समोरची वाळू हातभर उकरलेली होती.

"फमाऊ, लग्न आहे घरात. अंगण कशाला खणतोस?"

"मी? ताई, मी आजवर घरातली काडी तरी उचललीय का?"

हे खरं होतं. मांजर असेल म्हणून मी वाळू लोटून दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली, आणि या वेळी दीड हात. मांजर कोपरे काटकोनात काढत नाही. मी पुन्हा बुजवलं. कुदळ कोठीत ठेवून कुलूप घातलं. सकाळी ती चमेलीखाली होती, कुलूप जागच्या जागी. आणि बैठक दिवसा पुन्हा खाली गेलेली असायची, डावीकडे कललेली. काम झालं की माणूस बसतोच.

शुक्रवारी दुपारी गल्लीतले सगळे पुरुष मशिदीत गेले. फमाऊही गेला. अशा वेळी गल्लीत गाढवंसुद्धा उभीच्या उभी झोपतात. मी आतल्या खोलीत नवरीच्या, नुरूच्या, कापडांच्या घड्या घालत होते. अंगणातून आवाज आला. खस्स. मग वाळू पडल्याचा. पुन्हा खस्स. घाई अजिबात नाही. पाच-सहा घाव झाले की मध्ये खंड, म्हाताऱ्या माणसाने कंबर सरळ करावी एवढा. मग पुन्हा सुरू.

मी पाय न वाजवता दारापर्यंत गेले. कुणी नव्हतं. ऊन पांढरंफेक होतं. कुदळ भिंतीला टेकलेली होती आणि ढिगावरून वाळू अजून घरंगळत होती.

माझी पाचावर धारण बसली. खड्डा आता चार फुटांहून लांब होता. टेपशिवाय मापं सांगणाऱ्या बाईला असा लांबट खड्डा माणसाच्या मापाकडे चाललाय हे ओळखायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीवर मी सियूला गेले. फमाऊला सांगितलं की खुर्चीचं काम आहे. तो झोपेतच हूं म्हणाला. त्याचे पाय अजून जुन्याच पलंगाबाहेर होते, नवा लग्नाच्या दिवशी मांडायचा होता.

बी तुमा ओसरीवर डाळ निवडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"बसवलंस?"

मी मान डोलावली. मला रडू येत होतं, का ते मलाही कळत नव्हतं.

"आमच्याकडे तो उभाच होता," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणीही उभाच. खुर्चीमागे, भिंतीशी. चांगल्या घरचा असावा. कुणी बसा म्हटल्याशिवाय बसायचा नाही. आणि आम्ही कुणी म्हटलं नाही."

"कोण आहे तो?"

"विचारलं नाही. विचारलं की बोलणं सुरू होतं."

"तू मला सांगायला हवं होतंस, बी!"

"बोलू नकोस असं सांगितलं होतं. याहून काय सांगू? जास्त सांगितलं असतं तर तू नेली नसतीस." तिने लाजून खाली पाहिलं. "मी म्हातारी झाले, पोरी. रोज बघवत नव्हतं."

"खुर्ची परत आणते. आज आणते."

"खुर्ची आण, घेईन. पण तो आता तुझा पाहुणा आहे. खुर्चीबरोबर यायचा नाही." मग तिने विचारलं, "काम दिलंस का काही?"

मी सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. 

"मग काम संपलं की तो निघेल. निघू दे. फक्त त्याला पोचवायला कुणी जायचं नाही. दारापर्यंतसुद्धा नाही. ऐकतेस ना?"

मी धावत खाडीवर आले. भरती उतरली होती आणि नाव चिखलात बसली होती. उद्या सकाळी, नावाडी म्हणाला. मी फमाऊला फोन लावला. चौथ्यांदा लागला.

"फमाऊ, नीट ऐक. उद्या मी येईपर्यंत घरातून कुणी निघालं तर तू त्याला पोचवायला जायचं नाहीस. कुणीही असो. कितीही म्हातारा असो."

"का? काय झालं?"

"जायचं नाहीस म्हणजे नाहीस. शपथ घे."

"ताई, लग्नघर आहे. पाहुण्याला नुसतं दारातून हाकललं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि सगळ्यात आधी तू घालशील!" तो हसत होता. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बरं, बरं. शपथ. येताना तीळ घालून केलेल्या भाकऱ्या आण तिकडच्या."

त्या मी आणल्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास घरी पोचले तेव्हा त्या कागदात अजून मऊ होत्या. पुढे बैठकीच्या खोलीत फमाऊ कुणाशी तरी बोलत होता, मान देऊन, हळू आवाजात. फोनवर नुरूचे वडील असतील असं मला वाटलं. मी बाजूच्या दाराने सरळ अंगणात गेले.

खड्डा पुरा झाला होता. कडा कापल्यासारख्या सरळ. तळ सपाट केलेला. कुदळ कुठे दिसेना.

मी टेपशिवाय माप सांगते, हे वर सांगितलंच आहे. एका नजरेत मला ते दिसलं, पण विश्वास ठेवायचा नव्हता म्हणून पिशवीतून टेप काढली आणि गुडघ्यावर बसून लावली.

सहा फूट पाच इंच.

आणि वर चार बोटं.

पुढच्या खोलीतून फमाऊचा आवाज आला. "ताई आलीस का ग? मी यांना धक्क्यापर्यंत सोडून येतो. आलोच."

मी धावले. भाकऱ्या हातातून पडल्या. बैठकीच्या खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीची दोरी नव्या बाजेसारखी ताठ होती. खाली कुदळ ठेवलेली होती, पातं पुसून.

दार सताड उघडं होतं. गल्लीत फमाऊ चालला होता.

तो कधी असा चालत नसे. त्याच्या दोन ढांगांत गल्ली संपायची. आता तो वीतवीत पाऊल टाकत होता. मान डावीकडे वाकवलेली, ऐकत असल्यासारखी. डावा हात कोपरात दुमडून किंचित पुढे धरलेला, कुणाला आधार द्यावा तसा.

"फमाऊ!"

त्याने वळून पाहिलं. चेहरा नेहमीचाच होता, हसरा. उजवा हात वर केला. "आलोच!" असं त्याचे ओठ हलले.

मध्ये कोपऱ्यावरून दगड वाहणारी गाढवं आली. सात होती. एक आडवं झालं. मी त्यांच्या पोटाखालून गेले, गुडघे फोडून घेतले. धक्क्यावर पोचले तेव्हा लोक पायऱ्यांशी उभे होते आणि पाण्याकडे बघत होते.

तो बोलत बोलतच पायऱ्या उतरला, असं सगळ्यांनी सांगितलं. थांबला नाही. शेवटच्या पायरीनंतरही थांबला नाही. तो सात वर्षांचा असल्यापासून त्या धक्क्यावरून उड्या मारत होता. माशासारखा पोहायचा.

मांडा बेटाच्या बाजूला दुसऱ्या दिवशी तो कोळ्यांना सापडला. कबर खणणाऱ्यांनी नेहमीच्या अंदाजाने खणली आणि ती आखूड पडली. त्याला बाहेर ठेवून सगळे थांबले आणि ती वाढवावी लागली. मी लांब बायकांत बसले होते. तिथवर कुदळीचा आवाज येत होता. बरोबर मापाचा खड्डा तेवढा माझ्या अंगणात होता.

फुंदी येऊन नवा पलंग घेऊन गेले. मी विचारलं नाही कुठे नेला. नुरूची कापडं परत पाठवली. अंगणातला खड्डा बुजवायला दोनदा फावडं उचललं, दोनदा ठेवून दिलं.

खुर्ची सियूला धाडायची म्हणून नाव ठरवली होती. आदल्या दिवशी चाळिसावा झाला. दुपारी लोक जेवून गेले आणि मी एकटीच खरकटं काढत होते. दाराबाहेरून हाक आली.

"होदी."

हातातली बशी मी सावकाश खाली ठेवली. हा आवाज मी त्याच्या जन्मापासून ओळखते. फुटला तेव्हा कसा फुटला तेही मला आठवतं.

"होदी."

बारा वर्षं मी भरत आणलेल्या घरात तो दारात उभा राहून परवानगी मागत होता. फमाऊने या घरात कधी होदी म्हटली नव्हती. होदी पाहुण्याने म्हणायची असते.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्या एका शब्दाचा भार माझ्या जिभेवर होता. म्हटला असता तर तो आत आला असता. कोण आत आलं असतं, आणि कोणाला सोबत घेऊन, ते मला माहीत नाही.

"होदी."

मग पावलं गेली. न चिडता, तोंड वाकडं न करता. वळण चांगलं आहे त्याला.

ठरवलेली नाव मी रद्द केली. कारण साधं आहे, आणि सांगायला लाज वाटते. कधी मला राहवलं नाही आणि मी बोलून गेले, तर तो बसेल कशावर?

तेव्हापासून तो रोज दुपारी येतो. तीनदा हाक देतो आणि जातो. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आज सकाळी झाडताना खुर्चीपाशी आले. लाकूड फुगून घट्ट बसलेली, फमाऊच्या पायांना अपुरी पडलेली ती पाय ठेवायची फळी पुढे ओढलेली आहे, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत.